धुरातला सोमल आणि पारा : धातुक भाजताना सुटणाऱ्या विषारी लेश मूलद्रव्यांच्या नियंत्रणाचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

हिंगोली जिल्ह्याचा भूभाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टच्या थरांचा असून त्यात जस्त, तांबे किंवा शिसे यांची खाणयोग्य धातुके नाहीत, आणि साहजिकच धातुक भाजण्याची भट्टीही तेथे नाही. तरीही १९९९ साली परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा अशा भट्टीशी नित्याचा संबंध येतो. गोठ्यावरच्या आणि हळदीच्या गोदामावरच्या पत्र्याला असलेला जस्ताचा मुलामा, जस्त कमी पडणाऱ्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत टाकले जाणारे झिंक सल्फेट, विहिरीवरच्या मोटारीतली तांब्याची तार आणि सुपरफॉस्फेट बनवण्यासाठी लागणारे सल्फ्युरिक आम्ल यांपैकी बऱ्याच गोष्टींचा उगम दूरच्या कुठल्यातरी भट्टीत सल्फाइड धातुक भाजले जाण्यात असतो. त्या भट्टीच्या धुरात पारा, आर्सेनिक, कॅडमियम, शिसे, सेलेनियम यांसारखी विषारी मूलद्रव्ये अल्प प्रमाणात असतात. धातुकात ती टनामागे काही ग्रॅमपासून काही किलोपर्यंतच आढळत असल्याने त्यांना लेश मूलद्रव्ये म्हणतात. त्यांना हवेत, पाण्यात आणि शेवटी मालात उतरण्यापासून कसे रोखायचे, हा या आढाव्याचा विषय आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी एक साधा पण वारंवार विसरला जाणारा नियम आहे. सेंद्रिय विष पुरेशा उष्णतेत जळून निरुपद्रवी वायूंत बदलू शकते, पण मूलद्रव्य जळून नाहीसे होत नाही. धुरातून काढलेला पारा पाराच राहतो आणि पाण्यात धुतलेले आर्सेनिक पाण्यात जाते. म्हणून येथे नियंत्रण या शब्दाचा खरा अर्थ, विषाने कोणत्या रूपात आणि कोणत्या ठिकाणी कायमचा मुक्काम करावा हे माणसाने ठरवणे, एवढाच उरतो. पुढे येणारी प्रत्येक पद्धत याच कसोटीवर तपासावी लागते.

भर्जन म्हणजे काय

जस्ताचे प्रमुख धातुक स्फॅलेराइट हे जस्त आणि गंधक यांचे संयुग आहे. खाणीतला दगड दळून, पाण्यातल्या फेसावर हव्या त्या खनिजाचे कण तरंगवून जो निम्म्याच्या आसपास जस्त असलेला बारीक भुगा मिळतो, त्याला सांद्रित धातुक म्हणतात. हा भुगा वितळू न देता भरपूर हवेत तापवण्याच्या क्रियेला भर्जन, म्हणजेच भाजणे, असे नाव आहे. आधुनिक भट्टीत भुग्याच्या थराखालून इतक्या जोराने हवा फुंकली जाते की तो थर उकळत्या पाण्यासारखा खळबळत राहतो. सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सियस तापमानाला गंधक ऑक्सिजनशी संयोग पावून सल्फर डायऑक्साइड वायू होतो आणि मागे जस्ताचे ऑक्साइड उरते. ही क्रिया स्वतःच उष्णता देणारी असल्याने एकदा पेटलेल्या थराला वेगळे इंधन लागत नाही. बाहेर पडणारा वायू गंधकाने समृद्ध असल्यामुळे तो धुराड्यातून सोडून देण्याऐवजी त्यापासून सल्फ्युरिक आम्ल केले जाते, आणि साधारण एक टन सांद्रित धातुकापासून जवळपास तेवढेच आम्ल मिळते.

भारतात १९६६ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान झिंकचा उदयपूरजवळील देबारीचा कारखाना १९६८ पासून या मार्गाने जस्त काढू लागला. त्याच परिसरातील झावर येथे मात्र कित्येक शतकांपूर्वी मातीच्या मुशींतून जस्ताची वाफ काढून ती थंड करण्याची कला अवगत होती, याचे अवशेष सापडले आहेत. खनिजांतून वाफ उडवून ती पकडण्याचे हे शास्त्र भारतीय रसशास्त्रालाही परिचित होते. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड तापवून त्याची वाफ थंड भांड्यात गोळा केली की शुद्ध पारा मिळतो, ही ऊर्ध्वपातनाची रीत आणि आजच्या भट्टीत धातुकातला पारा वाफ होऊन सुटण्याची क्रिया यांचे भौतिकशास्त्र एकच आहे. फरक हेतूचा आहे : रसवैद्याला पारा हवा होता, कारखान्याला तो नको आहे.

कोणते मूलद्रव्य केव्हा उडते

धुरातले लेश मूलद्रव्य पकडता येईल की नाही, हे मुख्यतः ते कोणत्या तापमानाला वायू असते आणि कोणत्या तापमानाला घन होते यावर अवलंबून असते. या दृष्टीने त्यांचे तीन गट पडतात. पहिल्या गटात शिसे आणि कॅडमियम यांची संयुगे येतात. त्यांचा काही भाग भट्टीत उडतो, पण वायू तीनशे-चारशे अंशांपर्यंत थंड होताच तो धुळीच्या कणांवर बसतो, म्हणून धूळ पकडली की त्यांचा बराचसा भाग हाती लागतो. दुसऱ्या गटात आर्सेनिक आणि सेलेनियम यांची ऑक्साइडे येतात. आर्सेनिकचे ऑक्साइड म्हणजे व्यवहारातला पांढरा सोमल. तो गरम वायूत वाफेच्याच रूपात राहतो आणि तापमान दोनशे अंशांच्या खाली उतरू लागले की एका मायक्रॉनहूनही बारीक कणांचे धुके होऊन घनरूप घेतो. तिसऱ्या गटात एकटा पारा आहे. त्याचा उत्कलनबिंदू ३५७ अंश असला तरी खोलीच्या तापमानालाही त्याची बाष्परूपातली मात्रा नगण्य होत नाही, त्यामुळे वायू कितीही धुतला तरी धातुरूप पारा पाण्यात न विरघळता वायूबरोबर पुढे जातो.

आर्सेनिकच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे, आणि तीच नियंत्रणाची पहिली संधीही आहे. भट्टीत ऑक्सिजन भरपूर असेल तर आर्सेनिकचा काही भाग अधिक ऑक्सिडीकृत होऊन लोह किंवा जस्ताच्या आर्सेनेट लवणाच्या रूपात भाजलेल्या भुग्यातच अडकतो, तर ऑक्सिजन तुटपुंजा ठेवला तर तो जवळजवळ सगळा सोमल होऊन उडतो. सोन्याच्या आर्सेनिकयुक्त धातुकांसाठी म्हणूनच दोन टप्प्यांचे भर्जन वापरतात. पहिल्या टप्प्यात हवा कमी ठेवून आर्सेनिक उडवले जाते आणि दुसऱ्या टप्प्यात भरपूर हवेत उरलेले गंधक जाळले जाते. हवेचे प्रमाण बदलून विष भुग्यात ठेवायचे की धुरात पाठवायचे हे ठरवता येते, पण दोन्हीकडून ते गायब करता येत नाही.

धुराड्यापासून अवक्षेपकापर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक कारखान्यांचे धोरण धूर उंचावर सोडून विरळ करण्याचे होते. अमेरिकेतील मोंटाना राज्यात अनॅकोंडा येथील तांब्याची मोठी भट्टी १९०२ साली सुरू झाल्यावर आसपासच्या कुरणांतील घोडे आणि गुरे आर्सेनिकच्या विषबाधेने मरू लागली आणि शेतकऱ्यांनी कंपनीविरुद्ध खटला भरला. या कारखान्याचे ५८५ फुटी धुराडे १९१९ साली पूर्ण झाले. धुराड्याची उंची वाढवल्याने विष कमी झाले नाही, ते अधिक मोठ्या क्षेत्रावर पसरले, आणि त्यामुळे कोणा एकाच्या दाराशी ते मोजता येईनासे झाले.

खरा बदल घडवला तो फ्रेडरिक कॉट्रेल यांच्या स्थिरविद्युत अवक्षेपकाने, ज्याचे पेटंट १९०८ चे आहे आणि ज्याला कारखान्यांत आज सर्रास ईएसपी म्हणतात. त्यात वायू धातूच्या पत्र्यांमधून नेला जातो, मध्ये ताणलेल्या तारांना हजारो व्होल्टचा दाब दिला जातो, धुळीच्या कणांवर विद्युत्भार चढतो आणि ते पत्र्यांना चिकटतात. ठरावीक वेळाने पत्र्यांवर ठोके देऊन ही धूळ खाली पाडतात. भर्जनवायूचा प्रवास आता साधारण असा असतो : भट्टीतून बाहेर पडताच उष्णता परत मिळवणारा बाष्पक, मग वायू गरगर फिरवून जाड धूळ बाजूला टाकणारे चक्रावर्त यंत्र, आणि मग तीनशे-चारशे अंशांवर चालणारा गरम ईएसपी. येथवर पकडलेली धूळ जस्ताने भरलेली असल्याने ती भाजलेल्या भुग्यातच मिसळली जाते.

गरम ईएसपी सोमल पकडू शकत नाही, कारण तिथे सोमल अजून वाफ असतो. हाच दोष कॅनडातील यलोनाइफच्या जायंट खाणीत पद्धत म्हणून वापरला गेला. तेथे वायू गरम असतानाच सोन्याची धूळ वेगळी केली जाई आणि नंतर वायू थंड करून सोमल कापडी पिशव्यांच्या गाळण्यांत स्वच्छ भुकटीच्या रूपात जमा होई. सुरुवातीच्या वर्षांत मात्र सोमल मोठ्या प्रमाणात हवेत जात होता, आणि १९५१ साली दूषित बर्फाच्या पाण्यामुळे तेथील मूलनिवासी समाजातील एका बालकाचा मृत्यू झाल्यानंतर वायुशुद्धीकरण कठोर झाले. पण पकडलेल्या भुकटीला गिऱ्हाईक नव्हते, म्हणून ती खाणीच्याच भूमिगत पोकळ्यांत भरण्यात आली. १९९९ मध्ये भर्जन थांबले तेव्हा तेथे सुमारे २,३७,००० टन सोमल साठला होता. सोमल पाण्यात विरघळतो, आणि भूजल त्या पोकळ्यांत पोहोचू नये म्हणून आता त्यांच्या भोवतीचा खडक कृत्रिमरीत्या गोठवून ठेवण्याची योजना राबवली जात आहे. वायूच्या दृष्टीने यशस्वी ठरलेले नियंत्रण साठवणीच्या दृष्टीने पिढ्यान्‌पिढ्यांचे ओझे कसे होते, याचे हे सर्वांत ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

ओले शुद्धीकरण आणि हरताळ

आम्ल तयार करणाऱ्या कारखान्यात गरम ईएसपीनंतर वायू पाण्याच्या किंवा सौम्य आम्लाच्या जोरदार फवाऱ्यातून नेला जातो. तो एकदम थंड होतो, सोमल आणि सेलेनियम यांचे धुके बनते, काही भाग फवाऱ्यात विरघळतो आणि उरलेले अतिसूक्ष्म कण ओल्या ईएसपीच्या नळ्यांत पकडले जातात. हा टप्पा कारखान्याला शेजाऱ्यांसाठी जितका हवा असतो तितकाच स्वतःसाठी हवा असतो, कारण पुढे सल्फर डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइड करणारा व्हॅनेडियमचा उत्प्रेरक आर्सेनिकमुळे निकामी होतो आणि वायूतला फ्लोरिन संयंत्रातील काच व चिनीमातीचे भाग खातो. आर्थिक स्वार्थ आणि आरोग्य येथे एका बाजूला उभे राहतात, आणि आर्सेनिकवरचे नियंत्रण पाऱ्याच्या तुलनेत आधी व अधिक सहजपणे का रुजले याचे एक कारण तेच आहे.

फवाऱ्यातून निघणाऱ्या सौम्य आम्लात आता आर्सेनिक आलेले असते. त्यात केवळ चुना टाकला तर कॅल्शियमची आर्सेनिक लवणे तळाशी बसतात, पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या संपर्कात ती हळूहळू फुटून आर्सेनिक पुन्हा मोकळे होते. म्हणून लोहक्षार घालून लोहाचे आर्सेनेट, आणि शक्य तेथे स्कोरोडाइट या स्फटिकरूप खनिजाच्या स्वरूपात ते बांधणे अधिक टिकाऊ समजले जाते. दुसरा मार्ग सोडियम हायड्रोसल्फाइडसारखे द्रव्य घालून आर्सेनिक पिवळ्या सल्फाइडच्या रूपात खाली बसवण्याचा आहे. रासायनिकदृष्ट्या हा पिवळा गाळ म्हणजेच हरताळ. हस्तलिखित पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन ते झाकण्याची प्रथा होती, आणि एखाद्या तत्त्वाला हरताळ फासणे हा वाक्प्रचार तेथूनच आला. कारखान्यातला हा हरताळ तसा झाकण्यासाठी वापरला गेला, म्हणजे योग्य अस्तर नसलेल्या खड्ड्यात उघड्यावर टाकला गेला, तर ऑक्सिजन आणि ओलावा मिळताच तो पुन्हा विद्राव्य होतो.

पाऱ्याचा वेगळा मार्ग

पारा ओल्या शुद्धीकरणातून बराचसा निसटतो, आणि पुढे अडवला नाही तर तो आम्लात उतरतो. प्रमाणाचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब मांडता येईल. सांद्रित धातुकात टनाला १० ग्रॅम पारा आहे असे मानले आणि भट्टी दिवसाला ८०० टन धातुक भाजते असे धरले, तर रोज ८ किलो आणि वर्षाच्या ३३० कामाच्या दिवसांत २,६४० किलो पारा भट्टीतून बाहेर पडेल. तो सारा आम्लात गेला तर प्रत्येक टन आम्लात सुमारे १० ग्रॅम पारा असेल, आणि चांगल्या प्रतीच्या आम्लात तो अर्ध्या ग्रॅमहून कमी असावा असे गिऱ्हाईक अपेक्षिते.

या अडवणुकीसाठी १९७० च्या दशकापासून अनेक पद्धती पुढे आल्या. फिनलंडमधील ऑटोकुंपू पद्धतीत ओल्या शुद्धीकरणाच्या आधीच वायू दीडशे अंशांहून अधिक तापलेल्या तीव्र सल्फ्युरिक आम्लाने धुतात, तेव्हा पाऱ्याचे सल्फेट होऊन ते बाहेर पडते. नॉर्वेत विकसित झालेली बोलिडेन-नॉर्झिंक पद्धत जगभर सर्वाधिक प्रचलित आहे. त्यात एका उंच मनोऱ्यात मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाचा फवारा वायूवर पडतो, वायूतल्या पाऱ्याशी त्याची क्रिया होऊन कॅलोमेल नावाची पांढरी, पाण्यात जवळजवळ न विरघळणारी भुकटी बनते आणि ती निवळून तळाशी बसते. त्या भुकटीच्या निम्म्या भागावर क्लोरीनची क्रिया करून द्रावण पुन्हा ताजे केले जाते, आणि उरलेला निम्मा भाग म्हणजे वायूतून काढलेला पारा. विष विषानेच उतरवण्याच्या या पद्धतीत वायूतला पारा पकडण्यासाठी आणखी पाराच वापरावा लागतो, ही तिची खासियत आणि तिच्या विरोधातला आक्षेपही आहे, कारण मनोऱ्यातली एखादी गळती विषारी क्षार बाहेर सोडू शकते. याखेरीज सेलेनियमने माखलेल्या सच्छिद्र गाळणीत पारा सेलेनाइड होऊन बसतो, सक्रिय कोळशाच्या थरात तो शोषला जातो, आणि आधीच आम्लात उतरला असेल तर थायोसल्फेट घालून त्याला सल्फाइडच्या रूपात वेगळे करता येते. निवड बहुधा धातुकातल्या पाऱ्याच्या प्रमाणावरून होते : पारा जास्त असेल तर मनोरा परवडतो, थोडा असेल तर कोळशाची किंवा सेलेनियमची गाळणी पुरते.

कॅलोमेल ही एकेकाळी विकण्याजोगी वस्तू होती. २०११ पासून युरोपीय संघाने पाऱ्याची निर्यात बंद केल्यावर कॅलोमेलचा प्रवास बाजाराऐवजी साठवणीकडे वळला, आणि स्वीडनमधील रॉन्शर कारखान्याने पारा व आर्सेनिक असलेले कचरे समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांहून अधिक खोल खडकात ठेवण्याची व्यवस्था केली. साठवण इतकी खोल का हवी, याचे उत्तर त्या मूलद्रव्यांच्या अविनाशी स्वभावात आहे.

कायदा आणि महाराष्ट्र

पाऱ्याची वाफ हवेत महिनोन्‌महिने टिकत असल्याने ती सीमा जुमानत नाही. म्हणून २०१३ साली स्वीकारलेल्या आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झालेल्या मिनामाता करारात पाच उद्गमस्थाने नेमून दिली आहेत : कोळशावरील वीजकेंद्रे, कोळशाचे औद्योगिक बाष्पक, शिसे, जस्त, तांबे व औद्योगिक सोन्याचे भर्जन आणि विगलन, कचरा जाळणारे प्रकल्प आणि सिमेंटच्या भट्ट्या. भारताने हा करार जून २०१८ मध्ये मान्य केला. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१५ साली मानवी व्यवहारांतून हवेत गेलेला पारा सुमारे २,२२० टन होता, आणि त्यात लोहेतर धातूंच्या उद्योगाचा वाटा सुमारे १५ टक्के, तर स्थिर ठिकाणच्या कोळशाच्या ज्वलनाचा सुमारे २१ टक्के होता. भारताच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांत आर्सेनिकसाठी घनमीटरमागे ६ नॅनोग्रॅम, निकेलसाठी २० नॅनोग्रॅम आणि शिशासाठी ०.५ मायक्रोग्रॅम या वार्षिक मर्यादा आहेत, तर पाऱ्यासाठी हवेची वेगळी मर्यादा नाही.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर धातुक भाजण्याला सर्वांत जवळचे रासायनिक उदाहरण परळी वैजनाथच्या औष्णिक वीजकेंद्राचे आहे. कोळशात पायराइट हे लोहाचे सल्फाइड असते आणि पारा व आर्सेनिक यांचा मोठा भाग त्याच्याशीच बांधलेला असतो, त्यामुळे बाष्पकाच्या ज्वाळेत प्रत्येक पायराइटचा कण एका छोट्या भट्टीत भाजावा तसाच भाजला जातो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत वीजकेंद्रांच्या धुरातील पाऱ्याला घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. पूर्व विदर्भात मात्र प्रश्न प्रत्यक्ष धातुकाचा होऊ शकतो. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथे तांब्याच्या सल्फाइड धातुकाचे आणि नागपूर जिल्ह्यातील कोलारी परिसरात जस्ताचे साठे भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आढळले आहेत. हे धातुक पुढे कोठे भाजले जाईल आणि त्यात पारा व आर्सेनिक किती आहे, हे खाणीच्या परवान्यापूर्वीच तपासणे रास्त होईल. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथील घातक कचऱ्याच्या सामूहिक केंद्रांवर अशा गाळाचा भार पडला तर कोणत्या रासायनिक रूपातला गाळ तेथे स्वीकारायचा, हेही आधीच ठरलेले बरे.

हळदीच्या शेतापर्यंतचा हिशेब

आता वरचा हिशेब हिंगोलीच्या शेतापर्यंत आणता येतो. हळदीला हेक्टरी २००:१००:१०० किलो नत्र, स्फुरद व पालाश देण्याची शिफारस राज्यात प्रचलित आहे. सारे स्फुरद १६ टक्के स्फुरदाच्या सिंगल सुपरफॉस्फेटमधूनच द्यायचे ठरवले तर हेक्टरी ६२५ किलो खत लागते, आणि एक टन सुपरफॉस्फेटला साधारण ३७० किलो सल्फ्युरिक आम्ल लागते. पारा न काढलेले, टनाला १० ग्रॅम पारा असलेले आम्ल वापरले तर एका हेक्टरवर वर्षाला सव्वादोन-अडीच ग्रॅम पारा जाईल. मनोऱ्यात पारा काढलेल्या वायूपासून केलेले, टनाला अर्धा ग्रॅम पारा असलेले आम्ल वापरले तर ते प्रमाण साधारण एक दशांश ग्रॅमवर येईल. काळ्या जमिनीच्या वरच्या थरात निसर्गतःच असलेल्या पाऱ्याच्या तुलनेत अडीच ग्रॅमही एका वर्षात थोडेच आहेत, त्यामुळे घबराट माजवण्याचे कारण नाही. पण जमिनीतून पारा सहज बाहेर जात नाही, आणि हेच खत त्याच जमिनीला वर्षानुवर्षे मिळते. मनोऱ्यामुळे होणारा वीसपट फरक म्हणून महत्त्वाचा ठरतो. झिंक सल्फेटच्या बाबतीत १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने २१ टक्के जस्ताची अट घालताना शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक यांच्या कमाल मर्यादाही घातल्या आहेत. भर्जन आणि शुद्धीकरणात कॅडमियम जस्ताच्या मागोमाग येते, म्हणून ही मर्यादा केवळ कागदोपत्री नाही.

या सर्व आढाव्यातून एक निष्कर्ष निघतो. धुराड्याच्या तोंडाशी घनमीटरमागे किती मिलिग्रॅम, एवढ्याच प्रश्नावर नियंत्रण मोजले तर विष पाण्यात, गाळात किंवा आम्लात गेल्याचे दिसत नाही, आणि जायंट खाणीत तसेच घडले. धातुकातून आत आलेल्या प्रत्येक किलो पाऱ्याचा आणि आर्सेनिकचा ताळेबंद भाजलेला भुगा, धूळ, सौम्य आम्ल, गाळ, विक्रीचे आम्ल आणि धूर अशा सर्व रकान्यांत मांडला, आणि आवक-जावक जुळली, तरच कारखान्याचे नियंत्रण पूर्ण झाले म्हणता येईल. वसमत किंवा सेनगावच्या शेतकऱ्याला भट्टी कधी दिसणार नाही, पण त्याच्या खताच्या पिशवीत त्या ताळेबंदाचा एक रकाना येऊन पोहोचतो, आणि तो रकाना कोरा सोडला गेला की भरलेला आहे हे विचारण्याचा अधिकार त्यालाही आहे.